ड्राईव्हवर ‘अंडरव्होल्टेज’ आलं म्हणजे नेमकं काय कमी झालं? बुलढाण्याच्या हंगामातून एक हिशोब

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा बुलढाणा जिल्ह्यात विजेवर सगळ्यात जास्त ताण असलेला काळ. घाटाखाली खामगाव, मलकापूर, नांदुरा, शेगाव या पट्ट्यात जिनिंग-प्रेसिंग जोरात चालू असतं. घाटावर आणि घाटाखाली दोन्हीकडे हरभरा-गव्हाला पाणी देणं चालू असतं. म्हणजे कापूस ओढणारे पंखे आणि विहिरीवरचे पंप एकाच वेळी, अनेक ठिकाणी एकाच उपकेंद्रावरून चालतात. याच दिवसांत कारखान्यांच्या पॅनलवर एक कोड वारंवार दिसायला लागतो. कुठे ‘यूव्ही’, कुठे ‘एलव्ही’, कुठे सरळ ‘डीसी अंडरव्होल्टेज’. मोटार थांबते, कन्व्हेअर भरून राहतो, लाईन पुन्हा चालू करायला वीस मिनिटं जातात.

यावर सगळ्यांचं उत्तर ठरलेलं असतं: “व्होल्टेज कमी आहे.” कारखानदार महावितरणला फोन लावतो, लाईनमन येऊन मीटर लावतो, तर आकडा ३८० दिसतो. “ठीकच आहे की!” म्हणून तो निघून जातो. मग कारखानदार सर्व्हो स्टॅबिलायझर घेतो किंवा ड्राईव्हच बदलतो. आणि पुढच्या आठवड्यात तोच कोड पुन्हा येतो.

या गोष्टीत कोणीच खोटं बोलत नाहीये. गडबड अशी आहे की ड्राईव्ह जे मोजतो ते आणि लाईनमनचा मीटर जे मोजतो ते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक कळला तर बरेच पैसे वाचतात. शिवाय सौर फीडर, स्मार्ट मीटर, मोफत शेतीवीज यावर सध्या जी चर्चा चालू आहे, तिच्यात एक महत्त्वाचा प्रश्न कसा सुटून जातोय, तेही दिसतं.

ड्राईव्हच्या पोटात काय असतं?

व्हीएफडी, म्हणजे रोजच्या बोलण्यातला ‘ड्राईव्ह’, मोटारीचा वेग कमी-जास्त करतो. त्याचे तीन भाग समजा. पहिला रेक्टिफायर: तीन फेजची एसी वीज घेऊन तिची डीसी करतो. दुसरा कपॅसिटरचा साठा: ती डीसी थोडीशी साठवून गुळगुळीत ठेवतो, यालाच ‘डीसी बस’ म्हणतात. तिसरा इन्व्हर्टर: त्या डीसीचे वेगाने तुकडे पाडून मोटारीला हव्या त्या फ्रिक्वेन्सीची एसी देतो.

आपल्याकडे तीन फेजचं व्होल्टेज दोन फेजच्या मध्ये ४१५ धरतात. रेक्टिफायर त्याच्या शिखरापर्यंत साठा भरतो. शिखर म्हणजे ४१५ गुणिले १.४१४, साधारण ५८७ व्होल्ट डीसी. विहिरीवरच्या टाकीसारखं समजा. टाकीत ५८७ पर्यंत पाणी, वरून भरणं चालू, खालून मोटार उपसत असते.

अंडरव्होल्टेजचा कोड या टाकीच्या पातळीवर लागलेला आहे. बाहेरच्या तारेवर नाही. पातळी ठराविक खुणेखाली गेली की ड्राईव्ह स्वतःला बंद करतो. ही खूण कंपनीनुसार बदलते, पण ४०० व्होल्ट वर्गाच्या बऱ्याच ड्राईव्हमध्ये ती साधारण ३५० ते ४०० व्होल्ट डीसीच्या आसपास असते. तुमच्या ड्राईव्हची नेमकी खूण त्याच्या मॅन्युअलमध्ये दिलेली असते, ती एकदा बघून पॅनलच्या दारावर लिहून ठेवा. खालच्या हिशोबासाठी आपण ४०० धरू.

३७० व्होल्टचा गैरसमज

आता साधा गुणाकार. समजा बाहेर व्होल्टेज ४१५ वरून ३७० वर आलं आणि तिथेच टिकलं. टाकीची पातळी होईल ३७० गुणिले १.४१४, म्हणजे ५२३. खूण ४०० वर आहे. मग ड्राईव्ह पडायचं कारणच नाही. पातळी ४०० पर्यंत यायला बाहेर साधारण २८३ व्होल्ट व्हायला हवेत. पूर्ण लोडवर टाकी शिखरापर्यंत भरत नाही, त्यामुळे खरा आकडा थोडा वर सरकतो. तरीही ३७० आणि त्याच्यामध्ये भरपूर अंतर उरतं.

म्हणजे पहिला निष्कर्ष असा: मीटर ३६०-३७० स्थिर दाखवत असेल आणि ड्राईव्ह तरी अंडरव्होल्टेजवर पडत असेल, तर त्या ३७० ने तो पडलेला नाही. कारण दुसरीकडे आहे. एक तर काही मिलिसेकंदांचा खोल खड्डा, किंवा पॅनलच्या आत काहीतरी सैल.

याचा अर्थ ३७० व्होल्ट चांगले असा कोणी काढू नये. ड्राईव्ह मोटारीला लागेल तेवढी पॉवर ओढतोच. व्होल्टेज कमी झालं की तेवढ्याच पॉवरसाठी करंट वाढतो. ४१५ चे ३५० झाले तर इनपुटचा करंट जवळपास १९ टक्क्यांनी वाढतो, केबल आणि लग तापतात. पूर्ण वेगावर मोटारीला पुरेसं व्होल्टेज मिळत नाही, तिचा करंट चढतो. पण त्याचा कोड ‘ओव्हरलोड’ किंवा ‘ओव्हरटेम्परेचर’ असा येतो. थेट स्टार्टरवर चालणाऱ्या मोटारीचं दुखणं आणखी वेगळं. तिचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटतो. ८० टक्के व्होल्टेजला टॉर्क ६४ टक्के, म्हणून ती गुरगुरत जळते. शेतातली मोटार हळूहळू येणाऱ्या कमी व्होल्टेजने मरते. कारखान्यातला ड्राईव्ह पडतो तो अचानक येणाऱ्या खड्ड्याने. दोघांसाठी आपण ‘लो व्होल्टेज’ हा एकच शब्द वापरतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

नऊ मिलिसेकंदांची शिदोरी

टाकी किती वेळ पुरते? एक उदाहरण घेऊ. १५ किलोवॅटचा, म्हणजे २० एचपीचा ड्राईव्ह, आत १५०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. ५८७ व्होल्टला त्यात साधारण २५८ ज्यूल ऊर्जा असते, ४०० व्होल्टला १२०. वापरता येणारी उरली १३८ ज्यूल. मोटार सेकंदाला १५,००० ज्यूल उपसते. भागाकार केला की उत्तर येतं साधारण ९ मिलिसेकंद.

आपली वीज ५० हर्ट्झची, तिचं एक पूर्ण आवर्तन २० मिलिसेकंदांचं. म्हणजे वरून भरणं पूर्ण थांबलं तर ड्राईव्हकडे अर्ध्या आवर्तनाचीसुद्धा शिदोरी नसते. तेवढ्या वेळात ट्यूबलाईट फक्त लुकलुकते, आणि ड्राईव्हचा कोड मात्र पडलेला असतो. मल्टिमीटर सेकंदात दोन-तीन वेळा आकडा बदलतो. त्याला हा खड्डा दिसणं शक्यच नाही.

आता तोच हिशोब ३७० व्होल्टवर करा. टाकी ५२३ पर्यंतच भरलेली, ऊर्जा २०५ ज्यूल, वापरता येणारी ८५. वेळ सहा मिलिसेकंदांपेक्षा कमी. खोलीचा हिशोबही बदलतो. ४१५ वर चालताना ड्राईव्ह पाडायला साधारण ३२ टक्क्यांचा खड्डा लागतो, ३७० वर चालताना २४ टक्क्यांचा पुरतो. म्हणजे कमी व्होल्टेज स्वतः ड्राईव्ह पाडत नाही, पण त्याला कड्याच्या काठावर नेऊन उभं करतं. तिथून ढकलायला छोटासा धक्का पुरतो.

धक्का येतो कुठून?

शेतीच्या फीडरवर थ्री फेज वीज ठरलेल्या पाळीने येते. बऱ्याच स्टार्टरवर ऑटोस्विच लावलेला असतो, म्हणजे लाईट आली की पंप आपोआप चालू. रात्री-बेरात्री, थंडीत, सापकिरडाच्या भीतीत विहिरीवर जावं लागू नये म्हणून शेतकऱ्याने केलेली ही सोय आहे, आणि तिच्यामागचं कारण खरं आहे. पण परिणाम बघा.

१०० केव्हीएची एक डीपी घ्या. तिचा पूर्ण क्षमतेचा करंट साधारण १३९ अँपिअर. तिच्यावर ५ एचपीचे १५ पंप. चालू असताना प्रत्येकी साधारण साडेसात अँपिअर, एकूण ११२. डीपी आरामात पेलते. पण मोटार सुरू होताना साधारण सहापट करंट घेते. पंधराही पंप एकाच क्षणी सुरू झाले तर मागणी ६७५ अँपिअर, म्हणजे डीपीच्या क्षमतेच्या जवळपास पाचपट. अशा डीपीचं इम्पिडन्स साधारण साडेचार टक्के धरलं तर तिच्यावरचं व्होल्टेज त्या क्षणी वीसेक टक्क्यांनी बसतं. फीडरवर अशा कितीतरी डीपी असतात. त्यांची बेरीज उपकेंद्राच्या ११ केव्ही बसवर जाते, आणि त्याच बसवरून शेजारचा कारखान्यांचा फीडर निघालेला असतो. ‘ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा’ असं महावितरण रब्बीच्या तोंडावर सांगत असते, ते याचसाठी.

दुसरा आणि जास्त खोल धक्का येतो फॉल्टमधून. शेजारच्या फीडरवर फांदी पडली, पक्षी चिकटला, तारा एकमेकींना लागल्या, तर ब्रेकर उघडेपर्यंत त्या बसवरचं व्होल्टेज कोसळतं. ब्रेकर उघडला की तो फीडर बंद आणि तुमचं व्होल्टेज लगेच पूर्ववत. तुमच्याकडे लाईट ‘गेलीच नाही’. पण तेवढ्या वेळात, साधारण शंभर-दोनशे मिलिसेकंदांत, तुमचे सगळे ड्राईव्ह एकदम पडलेले असतात.

ही ओळखायची खूण आहे. सगळे ड्राईव्ह एकाच वेळी पडले तर कारण बाहेर शोधा. रोज तोच एक पडत असेल तर आत शोधा.

सौर फीडरने काय बदलेल, काय नाही

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली, तिची दुसरी आवृत्ती २०२३ मध्ये. कल्पना चांगली आणि सरळ आहे. उपकेंद्राजवळच सौर प्रकल्प उभारायचा आणि शेतीच्या फीडरला दिवसा तिथलीच वीज द्यायची. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी वाशिम जिल्ह्यातल्या कार्यक्रमातून या योजनेतल्या एकूण १९ मेगावॅटच्या पाच प्रकल्पांचं लोकार्पण केलं. त्यांत बुलढाणा जिल्ह्यातल्या पळशी बुद्रुकचा प्रकल्प होता. याच वर्षी साडेसात एचपीपर्यंतच्या सुमारे ४४ लाख कृषिपंपांना पाच वर्षं मोफत वीज देण्याची योजनाही आली. एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ असा तिचा काळ आहे. एकूण दिशा स्पष्ट आहे: पंप दिवसा चालणार.

शेतकऱ्यासाठी ही मोठी गोष्ट आहे, त्यात वाद नाही. पण पंप दिवसा चालणार म्हणजे कारखान्याच्या मुख्य पाळीतच चालणार. तर मग ड्राईव्हचं काय होईल? इथे हळू येणारं कमी व्होल्टेज आणि अचानक येणारा खड्डा हे वेगळे करून बघावे लागतात.

हळू येणारं कमी व्होल्टेज सुधारायला हवं. वीज लांबून येण्याऐवजी जवळच तयार झाली की तारेतली घट कमी होते. दुपारी ३७० ऐवजी ३९५ मिळाले तर ड्राईव्ह काठापासून मागे सरकतो. हा थेट फायदा.

अचानक येणारा खड्डा मात्र त्याने भरत नाही. सौर प्रकल्पाचा इन्व्हर्टर त्याच्या नेमलेल्या करंटपेक्षा फारसा जास्त करंट देऊ शकत नाही. थोडा वर जाईल, सहापट नक्कीच नाही. मोठ्या जनित्राचा फिरता रोटर क्षणभर बराच जास्त करंट देऊ शकतो, तशी ही व्यवस्था नाही. त्यामुळे शेकडो पंप एकदम सुरू झाले किंवा फॉल्ट आला, तर तो भार मुख्य ग्रीडवरच पडतो आणि खड्डा जवळपास तेवढाच राहतो. शिवाय ढग आला की सौर उत्पादन भराभर उतरतं, पंप मात्र चालूच असतात. उपकेंद्राचा टॅप चेंजर ते सावरतो, पण त्याला वेळ लागतो. तेवढ्यात कारखान्याचा ड्राईव्ह पुन्हा काठाकडे सरकलेला असतो.

थोडक्यात, सौर फीडर सरासरी सुधारेल. ड्राईव्ह पडतो तो सरासरीमुळे नाही. फीडरचं सौरीकरण करताना पंप टप्प्याटप्प्याने सुरू होण्याची सोयही त्याच कामात धरली, तर दोन्ही प्रश्न एकत्र सुटतील. ऑटोस्विचमध्ये प्रत्येक पंपाला वेगवेगळा काही मिनिटांचा उशीर देणारा साधा टायमर, एवढंच त्याचं तंत्रज्ञान आहे.

ज्यांनी ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ किंवा ‘पीएम-कुसुम’मधून पंप घेतलाय त्यांच्यासाठी एक ओळ. त्या पंपाचा कंट्रोलरही याच घराण्यातला ड्राईव्ह आहे, फक्त त्याची टाकी थेट पॅनल भरतात. सकाळी लवकर, ढगात, किंवा पॅनलवर धूळ असताना तो कमी व्होल्टेजचा कोड देऊन थांबला आणि ऊन आल्यावर आपोआप सुरू झाला, तर तो बिघाड नाही. लख्ख दुपारी तेच होत असेल तर मात्र पॅनलची जोडणी आणि कनेक्टर तपासायला तक्रार करा.

आधी आपल्या पॅनलचं दार उघडा

महावितरणकडे बोट दाखवण्याआधी हे तपासा, म्हणजे तक्रारीला वजन येतं. एक सूचना आधीच: ड्राईव्ह बंद केल्यावरही टाकीत प्राणघातक व्होल्टेज काही मिनिटं राहतं. झाकणावर जेवढी मिनिटं लिहिलीत तेवढी थांबा, मग डीसी टर्मिनलवर मोजून खात्री करा, आणि हे काम जाणत्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

१. फॉल्टची नोंद वाचा. रीसेट दाबायच्या आधी. बहुतेक ड्राईव्ह पडण्याच्या क्षणीचं डीसी बस व्होल्टेज, करंट आणि फ्रिक्वेन्सी जपून ठेवतात. मोटार वेग घेताना पडला, पूर्ण लोडवर पडला की नुसता उभा असताना पडला, हे त्यातूनच कळतं.

२. लोड चालू असताना, ड्राईव्हच्या इनपुट टर्मिनलवर मोजा. मेन स्विचवर ४१० आणि ड्राईव्हवर ३८५ असेल तर हरवलेले २५ व्होल्ट तुमच्याच कारखान्यात हरवलेत. बारीक केबल, सैल लग, ॲल्युमिनियम-तांब्याचा चुकीचा जोड, काळवंडलेले कॉन्टॅक्ट. जिनिंगमध्ये रुईचे तंतू आणि धूळ पॅनलमध्ये साठते, उष्णतेने जोड सैल होतात. हंगामाच्या आधी सगळे जोड योग्य टॉर्कने घट्ट करणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

३. तिन्ही फेज वेगवेगळे मोजा. आकडे ४१५, ४०५, ३८० आले तर सरासरी ४००, सगळ्यात लांबचा आकडा २० ने दूर, म्हणजे असमतोल ५ टक्के. हे खूप आहे. ड्राईव्हच्या इनपुटला दोन-तीन टक्क्यांचा असमतोलही झेपायला जड जातो, एक फेज बराच जास्त करंट ओढायला लागतो.

४. एक फेज गेलाय का बघा. तीन फेजवर टाकी सेकंदाला ३०० वेळा भरते. एक फ्यूज उडाला की फक्त १०० वेळा. दोन भरण्यांमधलं अंतर ३.३ वरून १० मिलिसेकंद होतं. नऊ मिलिसेकंदांची शिदोरी आठवा. म्हणूनच अर्ध्या लोडवर निभावतं आणि पूर्ण लोड आला की कोड पडतो.

५. प्रीचार्ज रिले. वीज आल्यावर टाकी एकदम भरू नये म्हणून ड्राईव्ह आधी रेझिस्टरमधून हळू भरतो, मग रिले त्या रेझिस्टरला बायपास करतो. तो रिले चिकटला नाही तर बिनलोड डीसी बस छान ५८० दाखवते आणि मोटारीने ओढ लावताच कोसळते. बाहेरची वीज ठणठणीत, रोज तोच एक ड्राईव्ह पडतोय, असं असेल तर पहिला संशय यावर घ्या. जुन्या ड्राईव्हमध्ये कपॅसिटर सुकलेले असणं हा दुसरा संशय.

६. कॉन्टॅक्टर. पुष्कळदा खड्ड्यात आधी पडतो तो ड्राईव्हच्या आधीचा कॉन्टॅक्टर. त्याच्या कॉइलचं व्होल्टेज क्षणभर बसलं, तो उघडला आणि ड्राईव्हची वीजच तुटली. ड्राईव्ह कोड देतो अंडरव्होल्टेज, दोष मात्र कॉन्टॅक्टरचा. कंट्रोल सर्किटला छोटा यूपीएस दिला तर हा प्रश्न थोडक्या खर्चात सुटतो.

औषध रोगाप्रमाणे

सर्व्हो स्टॅबिलायझर हळू येणारं कमी व्होल्टेज सुधारतो. त्यात एक छोटी मोटार ब्रश सरकवून व्होल्टेज वाढवते. शंभर मिलिसेकंदांच्या खड्ड्यात ती हलायला लागेपर्यंत ड्राईव्ह पडून गेलेला असतो. म्हणजे नुसत्या अंडरव्होल्टेज ट्रिपसाठी स्टॅबिलायझर घेणं म्हणजे तापाला मलमपट्टी. स्वतःचा ट्रान्सफॉर्मर असेल तर त्याचा टॅप बदलून सरासरी उचलता येते, पण हंगाम संपल्यावर व्होल्टेज फार चढत नाही ना, हे बघावं लागतं.

खड्ड्यावरचं औषध बऱ्याचदा ड्राईव्हच्या आतच असतं. अनेक ड्राईव्हमध्ये ‘कायनेटिक बफरिंग’ किंवा ‘राईड थ्रू’ नावाचं सेटिंग बंद अवस्थेत पडून असतं. ते चालू केलं की खड्डा आल्यावर ड्राईव्ह मोटारीचा वेग किंचित उतरवतो आणि फिरत्या पंख्यातली ऊर्जा उलटी टाकीत घेतो. जिनिंगमधले मोठे पंखे यासाठी उत्तम, त्यांच्या फिरण्यात भरपूर ऊर्जा असते. स्क्रू कन्व्हेअरसारख्या लगेच थांबणाऱ्या यंत्रावर याचा उपयोग नाही.

एक सेटिंग मात्र जपून वापरा: ऑटो रीस्टार्ट. वीज आल्यावर मोटार आपोआप सुरू. पंख्याला किंवा पंपाला ठीक. पण मशीन थांबलं की कामगार अडकलेला कापूस काढायला आत हात घालतो, हे सगळ्यांना माहीत आहे. जिन, प्रेस, कन्व्हेअर, दालमिलचे रोलर अशा यंत्रांवर हे सेटिंग लावणं म्हणजे वीस मिनिटं वाचवायला कोणाचा तरी हात पणाला लावणं. तिथे माणसाने बघून, बटण दाबूनच मशीन सुरू व्हायला हवं.

जे मोजलं जात नाही

आता मोठा प्रश्न. वीजपुरवठा किती चांगला, हे वितरण कंपन्या निर्देशांकांनी सांगतात: ग्राहकाची वीज वर्षात किती वेळा आणि किती वेळ गेली. यात धरले जातात ते काही मिनिटांपेक्षा लांब खंड. शंभर मिलिसेकंदांचा खड्डा त्यात येतच नाही. कारखान्याची वीस मिनिटं गेली, पण सरकारी हिशोबात त्या दिवशी वीज अखंड होती.

व्होल्टेजची मर्यादा आपल्याकडे नवी नाही. भारतीय विद्युत नियम १९५६ मधल्या नियम ५४ ने लघुदाबाला ६ टक्के कमी-जास्तीची मर्यादा घातली होती, म्हणजे ४१५ साठी साधारण ३९० ते ४४०. पण मर्यादा पाळली जाते का, हे कळायला मोजावं लागतं, आणि कधी मोजलं ते महत्त्वाचं. लाईनमन दुपारी तीनला आला आणि पंप सकाळी नऊला सुरू होत असतील, तर त्याचा आकडा खरा असूनही निरुपयोगी.

स्मार्ट मीटरने हे सुटेल का? अर्धवट. त्याच्या भारतीय मानकात कमी व्होल्टेज, फेज गायब, असमतोल या घटनांची वेळेसह नोंद ठेवायची सोय आहे. हळू येणारं कमी व्होल्टेज त्यात पकडलं जाईल. पण नियमित नोंद असते ती पंधरा किंवा तीस मिनिटांच्या सरासरीची, आणि घटना नोंदवायलाही ती काही काळ टिकावी लागते. गणित करून बघा. ४१२ व्होल्टवर ०.१ सेकंदाचा ३० टक्के खड्डा आला तर तीस मिनिटांच्या सरासरीत फरक पडतो ०.००७ व्होल्टचा. मीटरच्या लेखी काहीच घडलं नाही.

खड्ड्याचा साक्षीदार तुमच्याकडेच आहे, तो म्हणजे ड्राईव्ह. सॉफ्टवेअरवाल्याच्या नजरेने बघितलं तर प्रश्न फक्त दोन नोंदी एका घड्याळावर आणण्याचा आहे. बऱ्याच ड्राईव्हला आरएस-४८५ पोर्ट आणि मॉडबस असतं. एक छोटा संगणक दर सेकंदाला फक्त फॉल्टचं रजिस्टर वाचेल आणि नेटवरून लावलेल्या अचूक वेळेसह फाईलमध्ये एक ओळ लिहील. नऊ मिलिसेकंदांचा खड्डा त्याला दिसणार नाही, पण तो कधी आला हे सेकंदाच्या अचूकतेने कळेल. संगणक नसेल तर वही चालेल: तारीख, वेळ, कोणकोणते ड्राईव्ह पडले, डीसी बसचा आकडा. उपकेंद्रातही फीडर कधी ट्रिप झाला, कधी चालू केला, याची नोंद असते. तुमच्या दहा वेळांपैकी सात त्या नोंदीशी जुळल्या तर वाद संपला. ते सात बाहेरून आलेत, उरलेले तीन आत शोधायचे.

अशी जुळवलेली यादी घेऊन उपविभागीय कार्यालयात गेलात तर बोलणं “व्होल्टेज कमी आहे” वर अडकत नाही. अमुक फीडरवर झाडांची छाटणी हवी, अमुक डीपीवर भार वाटून द्या, पंप सुरू होण्याच्या वेळा टप्प्यात करा, अशी नेमकी मागणी करता येते. तिथे काम झालं नाही तर विद्युत कायदा २००३ खाली ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल आहेत, आणि तिथे नुसत्या तक्रारीपेक्षा तारीखवार नोंद जास्त बोलते. एकट्या कारखान्यापेक्षा एका फीडरवरच्या पाच कारखान्यांनी आपल्या वेळा एकत्र केल्या तर आणखी चांगलं. पाचही ठिकाणी त्याच सेकंदाला कोड पडला असेल, तर कोणाच्या पॅनलमध्ये दोष आहे हा प्रश्नच उरत नाही.

जिल्ह्यात सौर प्रकल्प वाढतील, मीटर बदलतील, पंप दिवसा चालतील. त्या सगळ्याचं यश किती मेगावॅट उभे राहिले आणि किती तास वीज मिळाली यात सांगितलं जाईल. त्या अहवालात आणखी एक रकाना असायला हवा: प्रत्येक उपकेंद्राच्या बसवर वर्षात किती खड्डे पडले, किती खोल आणि किती वेळाचे. ते मोजणारी यंत्रं बाजारात आहेत. तो रकाना येईपर्यंत तुमच्या ड्राईव्हमधली फॉल्टची नोंद रीसेट करण्याआधी लिहून ठेवा. या हंगामात त्या ओळी जमल्या, तर पुढच्या हंगामाआधी बोलायला तुमच्या हातात पुरावा असेल.